बंदी घालणारे वसंतराव

वसंतराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुळजापुरात होतो. दर्शन उरकून, पेढ्यांची पिशवी हातात धरून एसटीची वाट बघत होतो. बायको आदल्या दिवसापासूनच कळंबला बहिणीजवळ होती. मिळेल त्या गाडीनं, उभ्यानं कळंब गाठलं. घरात शिरलो तर समोरच भिंतीला टेकून अक्का बसलेली. अक्का म्हणजे वसंतरावांची बायको, माझी थोरली मेव्हणी. काय बोलावं सुचेना, म्हणून जन्माच्या सवयीनं मी पिशवी पुढं केली, "घ्या अक्का, आईचा प्रसाद." खोलीतलं रडणं एकदम थांबलं. सुतकाच्या घरात पेढे! माझ्या बायकोनं ती पिशवी हिसकावली आणि बाहेर कुणाच्या तरी मोटारसायकलच्या हँडलला नेऊन अडकवली. वसंतराव जिवंत असते तर एवढ्या एका पिशवीवर त्यांनी मला आणखी तीन वर्षं बंद केलं असतं.

आता महिना होऊन गेला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं अशी रीत आहे आणि मी तसा प्रयत्नही केला. पहिला कागद 'मनमिळाऊ' या शब्दापाशी फाडला, दुसरा 'अजातशत्रू'पाशी. ते माझे साडू होते, आणि आमचं कधीही जमलं नाही. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. स्टँडवरच्या खिडकीतून अख्खा जन्म गाड्या सोडण्यात आणि अडवण्यात गेला, त्यातलं अडवणं तेवढं अंगात मुरलं. सोसायटीच्या चेअरमनशी बोलणं बंद, सख्ख्या चुलत्याच्या दारात पाय बंद, एका न्हाव्यानं कानशिलापाशी जरा जास्त कापलं म्हणून त्याचं दुकान बंद. त्यांच्या बोलण्यात 'बंद' हा शब्द आला की अक्का पदर सावरून आत निघून जायची.

माझी पाळी अणदूरच्या लग्नात आली. मेव्हण्याच्या मुलीचं लग्न. मला माईक दिसला की हात शिवशिवतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मानकऱ्यांना फेटे बांधायला नावं पुकारायचं काम मी आपणहून ओढवून घेतलं. मामा झाले, चुलते झाले, सरपंच झाले, सरपंचाचा ड्रायव्हरसुद्धा झाला... आणि घरचे थोरले जावई वसंतराव राहिले. पहिल्या रांगेत, भगव्या फेट्यांच्या मधोमध, एकटं उघडं डोकं. लग्नाच्या प्रत्येक फोटोत ते डोकं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला, "कारकुनाच्या घरात आपलं कुणी जायचं न्हाय, त्यांचं कुणी आपल्यात यायचं न्हाय." कारकून म्हणजे मी, आमच्या भागातल्या वाशीच्या शाळेत मी कारकून आहे.

तीन वर्षं ही बंदी चालली. त्यांचं काही अडलं नाही आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. अडलं ते दोघी बहिणींचं. साडी बघायच्या निमित्तानं दोघी येरमाळ्याच्या स्टँडवर भेटायच्या आणि बाकावर बसून डब्यातलं एकमेकींच्या हातावर वाढायच्या. एकदा कुणीतरी बघितलं, वसंतरावांना सांगितलं, मग तेही संपलं.

जगाच्या बाबतीतही त्यांचा न्याय हाच. संध्याकाळी टीव्हीपुढं बसले की हातात रिमोट आणि तोंडात बंदी. कधी इराण, कधी रशिया. कोण कुणावर आणि कशासाठी, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पट्टीवर 'निर्बंध' दिसलं की मांडीवर थाप मारायचे, "आवळा! अजून आवळा! अन्नाला महाग करा, म्हंजी आपोआप सरळ होतील." एका दिवाळीत, बंदीच्या आधीची गोष्ट, मी म्हणालो होतो, "वसंतराव, राजवाड्यातली पंगत कुठं थांबतीय? दवाखान्यातली औषधं थांबतात." ते म्हणाले, "कारकून, तुमी हजेरीपट बघा."

त्यांचा मुलगा अमोल जहाजावर फिटर आहे. समुद्र आमच्या सात पिढ्यांनी बघितला नव्हता, त्यामुळं त्याचं वसंतरावांना केवढं कौतुक. हे नवं जहाज त्यानं एजंटाच्या शब्दावर धरलं. चढल्यावर कळलं की जुनं नाव रंगाखाली गेलंय, झेंडा बदललाय आणि पोटात बंदी घातलेल्या देशाचं तेल आहे. मग एके दिवशी निर्बंधांच्या यादीत त्या जहाजाचंच नाव आलं. कुठलंही बंदर आत घेईना, विमा गेला, मालकाचा फोन लागेना. जहाज किनाऱ्यापासून लांब नांगर टाकून उभं राहिलं. बदली माणसं आल्याशिवाय जुन्यांना उतरता येत नाही, आणि बदनाम जहाजावर बदली कोण येणार? अमोलचा फोन आठ-दहा दिवसांनी लागायचा. "भात हाय. पाणी मोजून मिळतंय. बाबा, आमी काय केलंय ओ?"

यादी कुणी तरी गार खोलीत बसून केली असेल. त्यात अमोलचं नाव नव्हतं, जहाजाचं होतं. पण भात-मीठ जहाज खात नाही. या धोरणवाल्यांचा मला खरोखर राग आहे. ज्याला धडा शिकवायचा त्याच्या ताटातला घासही हलत नाही आणि ज्याला गुन्हा माहीत नाही त्याचं पाणी तुटतं, मग हेच लोक परिणाम दिसू लागल्याचं सांगत टीव्हीवर मिरवतात.

वसंतरावांनी टीव्ही बंद केला. तोंड मात्र बंद केलं नाही, "नियम म्हंजी नियम," असं अक्कालाच सुनावत राहिले. त्यात छातीचं दुखणं उपटलं. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलीनं भावाला सोडवा म्हणून सरकारच्या जहाज खात्याला दहा मेल पाठवले, पण मेलवर वसंतरावांचा विश्वास नव्हता. रजिस्टर टपालानं गेलेल्या कागदावर आवक नंबर पडला की साहेब हलतो, ही त्यांची एसटीतली श्रद्धा. आणि आमच्या सगळ्या गोतावळ्यात इंग्रजीतून अर्ज लिहिणारा एकच माणूस. माझं इंग्रजी 'मोस्ट हंबली'नं सुरू होतं आणि 'युवर्स ओबिडियंटली'ला संपतं. मध्ये काय असतं ते वाचणाऱ्याचं नशीब.

तीन वर्षांनी ते माझ्या दारात आले. रिक्षातून उतरताना धाप लागली होती. मी हजेरीपट पुढं ओढून म्हणालो, "बसा, जरा कामात आहे." रविवार होता. ते अर्धा तास बसले. मग म्हणाले, "पोराचं बघा तेवढं. डोळ्यांनी बघितला म्हंजी झालं." कोऱ्या कागदाच्या तळाशी सही करून ते निघाले. अर्ज मी त्याच संध्याकाळी पुरा केला. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्यांचा फोन आला, "टाकला का?" मी म्हणालो, "टाकला." अर्ज माझ्या शर्टाच्या खिशात होता. विसरलो नव्हतो. बसू दे याला, म्हटलं, जरा कळू दे वाट बघणं काय असतं... पोस्ट शाळेसमोरच आहे. आठ दिवस मी रोज त्याच्यावरून गेलो.

नवव्या दिवशी टाकला. पुढं बऱ्याच आठवड्यांनी अमोल जमिनीवर उतरला. त्याच्या सहा दिवस आधी वसंतराव गेले होते. अग्नी मुलीनं दिला. अमोलला फोनवरून दाखवायचा प्रयत्न केला; चिता पेटायच्या आतच चित्र थिजलं.

परवा आम्ही अमोलला भेटायला कळंबला गेलो. हडकला आहे. त्यानं कागदांची फाईल काढली, त्यात त्या अर्जाची पोचही होती. शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाला, "काका, बाबा फोनवर म्हणाले होते, सोमवारी पडला टपालात. ही तारीख तर लई पुढची दिसतीय." मी म्हणालो, "टपालाचं हल्ली असंच झालंय." तो हसला, आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आला. मुलगा गुणी आहे. बापावर गेला नाही.

परतताना वाशीच्या गाडीत खिडकीशी बायको, तिच्या शेजारी मी. येरमाळा मागं पडलं तसं मला राहवेना, मी तिला सगळं सांगून टाकलं. सोमवार, खिसा, आठ दिवस. म्हणालो, त्या अर्जानं काही झालंच असेल, तर ते आठ दिवस आधीही झालं असतं, आणि वसंतरावांना सहाच दिवस कमी पडले. मला वाटलं, आता ही आठ महिने तरी बोलणार नाही.

मग म्हणाली, "मला ठाऊक हाय. शर्ट कोण धुतं तुमचा? दोनदा काढून ठेवला त्यो कागद अन् वाळल्यावर दोन्ही खेपंला तिथंच घातला. तीन वर्षं काय तुमालाच आठवत व्हती?"