कुठं विचारलंस?

"कुठं विचारलंस?"

तुम्ही काहीही सांगा, तिचा पहिला प्रश्न हाच. चष्मा कपाळावर सरकवायचा, उजव्या हाताची तर्जनी उचलायची आणि विचारायचं. तुमची माहिती चूक की बरोबर, ते नंतर.

धारवाडच्या आमच्या वाचनालयात संदर्भ विभागाचं एक टेबल होतं. त्या टेबलामागे ती बसायची. सगळे तिला अक्का म्हणत, तिच्याहून वयानं मोठे असलेले वकीलसुद्धा. मी शाळेत इतिहास शिकवत असे आणि शाळा सुटली की तिच्यासमोरच्या खुर्चीत वाचत बसे. ती जाऊन फार दिवस झालेले नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल शांतपणे लिहावं म्हणतात. मला ते साधेल असं वाटत नाही. तिच्या पाठीमागे जे घडलं, त्याचा राग अजून उतरलेला नाही.

टेबलावर संगणक आला तेव्हा अक्काची नोकरी अर्ध्याहून जास्त झाली होती. पण ती त्याच्यासमोर अशी बसली, की जणू नवं कपाट आलंय आणि आता त्याचे कप्पे लावायचेत. सगळं जग ज्या एका शोधयंत्रात सगळं विचारतं, त्याला तिनं नाव ठेवलं, चव्हाटा.

"खायला गिरमिट कुठलं चांगलं, छत्री कुठं दुरुस्त होते, सिनेमा कुठं लागलाय, हे खुशाल चव्हाट्यावर विचार," ती म्हणे. "पण आजार, कोर्ट आणि माणूस चव्हाट्यावर विचारायचा नाही."

मग कुठं विचारायचं? ते ती कधी आयतं सांगत नसे. तुमचा हात कळफलकाकडे गेला की त्यावर पट्टी आडवी धरायची. "थांब की. आधी सांग, हे जगात कुणाला ठाऊक असेल? त्याच्या दाराशी जा."

एकदा कलघटगीहून एक गृहस्थ आले. जमिनीच्या वाटणीचा दावा चालू होता. फोनवर स्वतःचं नाव टाकून त्यांनी दाव्याचं काय झालं ते शोधलं होतं, आणि निकाल विरुद्ध गेल्याचं वाचून सकाळपासून अन्नाला शिवले नव्हते.

"एल्लि केळिदिरि, अण्णा?" अक्कानं तोच प्रश्न कानडीत विचारला. त्यांनी फोन पुढं केला. तिनं वाचलं आणि कपाळावर हात मारला. निकाल भलत्याच जिल्ह्यातल्या, त्याच नावाच्या माणसाचा होता.

"ह्या नावाची माणसं रगड आहेत अण्णा, तुम्ही त्यातले एक. कोर्टाचं कोर्टाला विचारायचं." त्यांच्या कागदावरचा दाव्याचा नंबर तिनं न्यायालयाच्या स्वतःच्या शोधपानावर घातला. दावा अजून चालू होता. गृहस्थ हसले, तर अक्का उलट रागावलीच. "हसताय काय? जेवून या आधी."

माझ्या आईच्या गोळ्यांचं तर मीच चव्हाट्यावर विचारलं होतं. अक्कानं माझ्या फोनवरच्या वरच्या ओळी बोटानं एकेक दाखवल्या. "ही उत्तरं नव्हेत गं. ही दुकानं. पैसे देऊन पहिल्या रांगेत बसलेली." मग वैद्यकीय संशोधनाचे लेख जिथं शोधता येतात ते दार तिनं मला उघडून दिलं, आणि मी वाचण्यात रंगले तेव्हा तेही बंद केलं. "आता डॉक्टरकडं जा. त्यांना काय विचारायचं ते कळण्यापुरतंच वाचायचं असतं."

एक कॉलेजची मुलगी बराच वेळ टेबलाभोवती घुटमळत होती. काय शोधायचंय ते तिच्या तोंडून निघेना. अक्कानं काहीच विचारलं नाही. एक साधंसं शोधयंत्र उघडून दिलं, जे कुणी काय विचारलं ते साठवून ठेवत नाही. "हा मुका आहे. ऐकतो आणि विसरतो," एवढं म्हणून ती खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसली. मुलगी उठून गेल्यावरच वळली.

ती कधी चुकत नसे असं मात्र समजू नका. आम्ही दोघी अळणावरला तिच्या भावाकडे निघालो होतो. रेल्वेच्या स्वतःच्या पानावर गाडी वेळेवर दाखवत होती. फलाटावरचे लोक सांगत होते, गाडी मागं कुठंतरी अडकून पडलीय.

"तुम्ही कुठं विचारलंत?" अक्का.

"आमचा साडू त्याच गाडीत बसलाय की हो!"

तरी अक्का सामान हातात धरून ताठ उभी. "रेल्वेचं रेल्वेला ठाऊक." गाडी आली तेव्हा दुपार टळून गेली होती. डब्यात सामान लावून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "साडूचं दार माझ्या ध्यानात आलं नाही."

तिच्या शोकसभेला मी गेले तेव्हा मंचामागे मोठा फलक लावला होता. खाली अक्काचं नाव, वर हार, आणि मध्ये एक गोल चेहऱ्याची, प्रसन्न हसणारी बाई. अक्काचा चेहरा लांबट होता, नाक धारदार. त्या फलकावरची बाई मी जन्मात पाहिलेली नव्हती.

लोक येत होते, फुलं वाहत होते. काहीजण थबकत, पुन्हा नावाकडे बघत आणि हात जोडून पुढे सरकत. वाचनालयाचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. अक्कांच्या स्मरणार्थ संदर्भ विभाग आधुनिक करणार, म्हणाले. टेबल काढून तिथं भिंतीलगत एक संगणक, ज्यानं त्यानं आपलं शोधावं. आता एका क्षणात सगळं मिळतं.

मी कार्यवाहांना बाजूला घेतलं. "हा फोटो कुणाचा?"

"अक्कांचा की."

"कुठं विचारलंत?"

"नाव टाकलं, पहिला आला तो घेतला." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "होगली बिडरी बाई, जाऊ द्या. भावना महत्त्वाची."

भावना! तीस माणसांत एकालाही अक्काचा चेहरा माहीत नव्हता का? सगळ्यांना होता. डोळ्यांनी पाहिलेल्यापेक्षा पहिल्या ओळीवर विश्वास जास्त, एवढंच. फोटोवरून फोटो शोधायला अक्कानंच मला शिकवलं होतं. "फोटोलाच विचार, तू कुठला?" मी तिथंच फोनवर विचारलं. ती बाई दुसऱ्या गावातल्या एका शाळेच्या संगीतशिक्षिका निघाल्या, त्याच नावाच्या. नुकत्याच निवृत्त झालेल्या, धडधाकट. जिवंत बाईला आम्ही हार घातला होता.

फलक उतरवला, पण कुरकुरत. "मग तुम्हीच आणा दुसरा," कार्यवाह म्हणाले. "नेटवर त्यांचा एकही नाही."

नव्हताच. ओळखपत्रावरचा पुसून गेला होता. भावाकडे होता तो परकरातल्या पोरीचा. रिकाम्या भिंतीसमोर उभी राहून मी स्वतःलाच विचारलं, हे जगात कुणाला ठाऊक असेल?

वाचनालयाच्या वर्धापनदिनाला दरवर्षी जुन्या हुबळीतले एक फोटोग्राफर येत. त्यांचं दुकान शोधत गेले. नाव सांगताच त्यांनी मान हलवली. "अक्का? त्या दरवर्षी हलायच्या. एक फोटो धड येऊ दिला नाही त्यांनी." संगणकात खूप मागे जाऊन त्यांना एक सापडला. रांगेत सगळे समोर बघत उभे आहेत आणि टोकाची अक्का शेजाऱ्याकडे वळलेली. चष्मा कपाळावर, तर्जनी उचललेली.

वाचनालयाच्या सभेत अध्यक्षांनी फोटो हातभर लांब धरला. "तोंड समोर नाही हो. भिंतीवर बरं दिसणार नाही."

मी सभेत कधी बोलत नाही. त्या दिवशी माझा आवाज मलाच परका वाटला. "त्यांनी कधी समोर बघितलं नाही. विचारणाऱ्याकडं बघितलं. हाच लागेल."

टेबल गेलं. ते मला थांबवता आलं नाही. आता तिथं संगणक आहे आणि त्याच्यावर, मीच सांगितलेल्या खिळ्याला, अक्का. परवा एक गृहस्थ घाईघाईनं आले, चव्हाटा उघडला, पहिली ओळ कागदावर उतरवली आणि चालू लागले. त्यांनी मान वर केलीच नाही. अक्का त्यांच्याचकडे वळलेली होती, बोट उचलून.