पाणी तयार होईपर्यंत

सासूबाई गेल्या आणि माझे सासरे दुसरबीडजवळचं शेत धाकट्या दिरांवर सोपवून खामगावला आमच्याकडे राहायला आले. गावात येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून बोलणारे मामाजी इथे हॉलमधल्या खुर्चीत बसले ते बसलेच. चार महिने फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही.

डोळ्यांसमोर काही हलतं-फिरतं असावं, म्हणून मी माशांची मोठी टाकी आणली. त्याच संध्याकाळी नळाचं पाणी भरून आठ मासे सोडले. पाच दिवसांत आठही मेले. शेवटचा मासा उलटा झालेला मामाजींनीच पाहिला.

"हे बी गेलं," एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मासे विकणाऱ्याने मला समजावलं. माशांच्या घाणीतून पाण्यात अमोनिया होतो, तो त्यांना मारतो. तो खाऊन टाकणारे जंतू फिल्टरच्या स्पंजवर आधी वाढावे लागतात, त्याला महिना-सव्वा महिना लागतो. तोवर रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकायचं, ते कुजू द्यायचं आणि पाणी तपासत राहायचं.

"मासोळ्या नाही त चारा कोनाले टाकून राह्यली?" मामाजींनी विचारलं.

मी काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. पाणी हिरवं झालं. "हा अमोनिया. ओल्या युरियाचा वास येतो ना, तोच."

युरियाचं नाव निघाल्यावर ते खुर्चीतून उठून जवळ आले. दुसऱ्या दिवसापासून तपासणी त्यांनी आपल्याकडे घेतली. कॅलेंडरवर रोज लिहायचे: हिरवं, हिरवं, जास्त हिरवं. तिसऱ्या आठवड्यात एकदाचं 'थोडं पिवळं' आलं. पिवळं म्हणजे पाणी सुधारतंय.

आणि एक दिवस मी शाळेतून शिकवून घरी आले, तर फिल्टरचा स्पंज कपड्यांच्या दोरीवर वाळत होता.

"लय घान झाला होता," मामाजी खुशीत म्हणाले. "नळाखाली चांगला घासला."

"अहो मामाजी, त्या घाणीसाठीच तर तीन आठवडे थांबलो होतो!"

माझा आवाज चढला. ते खोलीत निघून गेले. रात्री जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर खुर्ची रिकामी, चपला जागेवर नाहीत. शेजारी विचारायला निघाले, तेवढ्यात ते फाटकातून आत आले. हातात पिशवी, तिच्यात काळपट पाणी आणि एक जुना स्पंज.

"विरजन आनलं," ते म्हणाले. "दुकानदाराच्या जुन्या टाकीतलं हाय. हे लावलं त लौकर होईन मने."

"तुम्ही एकटे गेलात?"

"इचारत इचारत गेलो. त्यानं चहा बी पाजला."

"मामाजी, काल मी फार ओरडले. चुकलं माझं."

"तू बरोबरच बोलली. मलेच ठाऊक नोतं." आणि बाह्या सरसावून ते टाकीकडे वळले.

दोन आठवड्यांतच पाणी पिवळं आलं, आणि पुढेही रोज पिवळंच. दुकानदाराने फोनवर हो म्हटल्यावर आम्ही अर्धं पाणी बदलून मासे आणले. मी आठ म्हणत होते. मामाजी अडून बसले: "पैले चारच. पान्याले झेपलं पाह्यजे." पिशवीतलं आणि टाकीतलं पाणी सारखंच गार व्हावं, म्हणून माशांची पिशवी टाकीत तरंगत ठेवून ते पंधरा मिनिटं उभेच होते. मग हलक्या हाताने त्यांनी तिचं तोंड उघडलं.

चारही जगले. पुढच्या महिन्यात आणखी चार आले.

आता संध्याकाळी मामाजी त्या दुकानात स्टुलावर बसलेले असतात. टाकी आणि मासे एकदमच न्यायला कुणी आलं की सांगतात, "भाऊ, पैले पानी तयार करा, मासोळ्या मंग न्या."

"बाबा, तुमच्यापायी माझं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाते," असं दुकानदार काल म्हणाला म्हणे. घरी येऊन मला हे सांगताना मामाजींना इतकं हसू आलं, की सांगणं अर्ध्यावरच राहिलं.