दौलतचं तुळशीतलं अर्थिंग

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत दौलतला काही विचारायची सोय नाही. विचारलं तर तो सांगतो, आणि न विचारलं तरी सांगतोच.

मोबाईल, रिमोट, कानाची मशिनं असलं बारीक काम तो तिसऱ्या माळ्यावरच्या खोलीत करतो. गेल्या दिवाळीत त्यानं टेबलावर अँटीस्टॅटिक मॅट अंथरली. लॅमिंग्टन रोडवर अर्धा दिवस घालवून, वर निळं रबर आणि खाली काळा थर अशीच हवी म्हणत, लग्नाचा शालू निवडावा तशी निवडली. "अंगातली वीज बोटातून चिपमध्ये उतरते. ठिणगी दिसत नाही, पण चिप खलास! मॅट ती वीज जमिनीत सोडते," हे त्यानं गॅलरीत प्रत्येकाला ऐकवलं. आता मॅटची वायर जमिनीला जोडायला हवी, आणि खोलीतल्या प्लगचं तिसरं, अर्थिंगचं भोक नुसतं शोभेचं. तेव्हा साहेबांनी ती वायर गॅलरीतल्या तुळशीत खोचली. माती ती माती!

शेजारच्या गंगुबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातल्या खडखडाटात त्यांचे कान गेले. कानाचं मशीन बंद पडलं तसं त्यांनी शनिवारच्या भजनाला येणं सोडलं. टाळ एकीकडे, आपण एकीकडे, लाज वाटते म्हणाल्या. मला ते फार लागलं. त्यांच्याशिवाय आमचं भजन म्हणजे मीठ नसलेली आमटी.

दौलतनं मशीन छातीठोकपणे दुरुस्तीला घेतलं. पहिली चिप बसवली, ती मेली. "माल डुप्लिकेट!" दुसरीही मेली. त्या जुन्या मॉडेलची एकच चिप उरली, तेव्हा कुठे त्यानं तुळशीला मीटर लावून बघितलं. मॅट जमिनीला जोडलेलीच नव्हती.

गंगुबाईंच्या दारात जाऊन तो पुटपुटला, "मावशी, चिपा माझ्यामुळं गेल्या."

"काय?" गंगुबाईंनी कानामागे हात धरला.

"चिपा माझ्यामुळं गेल्या!"

"मोठ्यान बोल रे झिला!"

"माझ्यामुळं गेल्या! अर्थिंग तुळशीत दिलेलं!"

तळमजल्यापर्यंत हशा पिकला.

"तुळस डब्यात, डबो तिसऱ्या माळ्यार. जमीन खंय गावतली तिका?" गंगुबाई म्हणाल्या. गिरणीत सुतालाही अशीच वीज धरायची, म्हणून मशिनला जोडलेली धातूची पट्टी थेट जमिनीत गाडलेली असायची, हेही त्यांनी सांगितलं.

दौलतनं निमूट वायरमन बोलावला. खालच्या मीटरबोर्डाच्या अर्थिंगपासून वायर वर आणून मॅटला जोडली, आणि शेवटची चिप बसवली. मशीन चालू झालं.

शनिवारी गंगुबाईंनी पहिला अभंग उचलला, अगदी टाळावर. मला रडू आलं, सांगायला लाज कसली?

भजन संपल्यावर दौलतनं हळूच विचारलं, "मावशी, आता पुटपुटलेलं पण ऐकू येतं ना?"

"तुझा पुटपुटणा तेव्हाच कळलेला. गिरणीच्या आवाजात आम्ही ओठ बघूनच बोलत होतव."

"मग तीनदा ओरडायला का लावलंत?"

"तुझी फुशारकी सगळ्या चाळीन ऐकलेली ना?"

दौलत ओशाळला. "ओठ कळत होते, तर मशीन कशाला हवं होतं?"

गंगुबाईंनी मांडीवरचे टाळ उचलले.

"टाळांका ओठ खंय असतत रे?"