गारांखालचा काळा कागद

माझ्या लेकीला शाळेत कागदाचे हिमकण करायला शिकवले. कागदाच्या घड्या घालायच्या, कात्रीने कापायचं, उलगडलं की सहा टोकांची नक्षी. बाईंनी वर हेही सांगितलं की खरा हिमकण काळ्या कागदावर झेलून भिंगातून बघतात. शेंदूरजनाघाटच्या संत्राबागेत राहणाऱ्या पोरीने तो झेलायचा कुठे, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

फाल्गुनातली दुपार होती. एकदम अंधारून आलं आणि टिनावर पहिली गार धाडकन आदळली. मी लेकीला हाक मारली, ती घरात नव्हती. टेबलावर तिने आणून ठेवलेला काळा कागद नव्हता, भिंगही नव्हतं. डोक्यावर घमेलं घेऊन मी बागेत धावले. लिंबाएवढ्या गारा पडत होत्या, पानं आणि बारीक संत्री तुटून चिखलात पडत होती. घमेल्याच्या आवाजात माझी हाक मलाच ऐकू येईना.

ती एका झाडाच्या बुडाशी बसलेली सापडली. कागदाची चाळणी झालेली, कपाळावर टेंगूळ, मुठीत एक गार. आधी पाठीत धपाटा घातला, मग तिला घमेल्याखाली ओढलं.

"काहून आली भायेर? मरायचं होतं काय?"

"आई, याले सहा टोकं नाईत."

घरात आल्यावर तीच गार रुमालात बांधून मी तिच्या कपाळावर धरली. तिने हळूच विचारलं, "आई, लागत नाही असा बर्फ खरंच पडते काय कुठं?"