बसत नाही, निघालेच!

स्थिर वस्तू स्थिरच राहते, हा नियम मांडणाऱ्याने माझ्या आत्याला पाहिले असते, तर ‘आत्या वगळून’ अशी तळटीप त्याला जोडावीच लागली असती. इंदूरच्या सुदामा नगरातल्या तिच्या घरात चार खुर्च्या आहेत. त्यांपैकी एकीवरही मी तिला टेकलेले पाहिले नव्हते. पोहे ती ओट्याशी उभ्याने खाते, वर्तमानपत्र जिना चढता-उतरता वाचते आणि रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ्यात, जिथे अवघे इंदूर उभ्याने खाते, तिथे भुट्ट्याचा कीस चालता चालता संपवते. कुणाकडे गेल्यावर ‘बसा ना’ असा आग्रह झाला, की तिचे उत्तर ठरलेले: ‘बसत नाही, निघालेच!’ त्यानंतर ती तासभर उंबऱ्यात उभी राहून बोलते, हा भाग वेगळा.

त्यामुळे ती शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाली आणि तिचा मुलगा, म्हणजे माझा दादा, पुण्याहून फोनवर म्हणाला, ‘आई, एकटी कशी राहशील? घर विकू. माझ्याकडे येऊन स्वस्थ बस,’ तेव्हा तिला त्यातला ‘बस’ शिवीसारखा लागला. मी नुकतेच महूजवळच्या एका टेकडीवर पॅराग्लायडिंग शिकायला नाव नोंदवले होते. आत्याने तिथल्या तिथे जाहीर केले, ‘मीही शिकते. एकटी उडाले, तर घराचा विषय बंद. पडले, तर मुकाट येते.’ दादाने हसून मान्य केले. मला हसू आले नाही. तिचे गुडघे मला ठाऊक होते.

आमचे प्रशिक्षक महूचे निवृत्त सुभेदार. त्यांचा मंत्र एकच: ‘जब तक मैं न बोलूं, बैठना नहीं. भागते रहो!’ उतारावरून धावताना पंख डोक्यावर येतो, दोऱ्या ताणतात, अंग हलके होते आणि नेमका त्याच क्षणी नवशिक्याला पाठीशी बांधलेल्या आसनात बसण्याचा मोह होतो. पंखाला पुरेसे बळ मिळण्याआधी बसले, की माणूस खाली आपटतो. ही सारी कारणमीमांसा मी आत्याला आकृती काढून समजावली आणि स्वतः तीन वेळा आपटले.

‘टाइम नको खोटी करू गं, सरक,’ आत्या म्हणाली.

तिच्या एकटीच्या उड्डाणाच्या सकाळी दादा मुद्दाम आला होता. ती धावली. उतार संपला, जमीन सुटली, तरी ती धावतच होती. पंखाखाली दोन पाय हवेत लगबगीने चाललेले. सुभेदार ओरडले, ‘आत्याजी, अब बैठ जाओ!’

वरून अस्सल इंदुरी हिंदीत आवाज आला, ‘नहीं भिया, बैठती नहीं, निकल ही रही हूं!’

दादाने डोळे मिटून घेतले. ती तशीच धावत जमिनीला लागली, आणखी वीसेक पावले गेली आणि त्याच्यासमोर थांबली. ‘चल, पोहे खाऊन निघ. गाडी चुकेल तुझी.’

घराचा विषय त्यानंतर निघाला नाही. यंदा मला बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत संशोधनाची जागा मिळाली. जाण्याच्या सकाळी निरोप घ्यायला गेले, तर दोन खुर्च्या समोरासमोर ओढलेल्या, मध्ये पोह्यांच्या दोन बशा.

‘बस गं जरा,’ आत्या म्हणाली आणि स्वतः बसली.

‘बसत नाही आत्या, निघालेच,’ माझ्या तोंडून गेले.

ती हसली. बाहेर रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न दिला, तरी मी बराच वेळ उंबऱ्यातच उभी होते.