भोईर बाईंना न दाखवलेला तास

भोईर बाई गेल्याचं कळलं तेव्हा मी इंग्रजीच्या शिक्षकांसाठी भरलेल्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणात बसले होते. दुसरा दिवस, जेवणानंतरची वेळ. पडद्यावर लिहिलेलं होतं की वर्गात मुलांना जास्तीत जास्त बोलू द्या, आणि सकाळपासून बोलत एकच माणूस होता. पर्समध्ये फोन थरथरला. माझ्यासारखीच बाईंकडे येणाऱ्या फरहीनचा मेसेज, एका ओळीचा... ‘बाई नहीं रहीं.’ मी वही मिटली, उठले आणि रांगेतल्या सगळ्यांच्या गुडघ्यांना धक्के देत बाहेर पडले. दुपारची सही राहिली. त्याचा लेखी खुलासा नंतर द्यावा लागला, त्यात मी ‘जवळच्या नातेवाइकाचं निधन’ असं लिहिलं. नातं काहीच नव्हतं. पण ‘ज्यांना माझा तास दाखवायचा राहिला होता त्या गेल्या’ असं अर्जात लिहिता येत नाही.

घोडबंदरला त्यांच्या घरी पोचले तेव्हा ओटीवर बायका बसल्या होत्या. मला बसवेना. शेजारच्या घरातून चहाची किटली आणली, कप विसळले, चपला एका बाजूला लावल्या. कोणीतरी म्हणालं, ‘बस गो जरा.’ बसले की डोकं चालू व्हायचं, म्हणून उभीच राहिले. आता महिना उलटून गेला तरी फारसा फरक नाही. हा लेखसुद्धा मी तीनदा उठून, मधे कुकर लावून, एकदा उगाच गॅलरी धुऊन लिहिते आहे.

बाई घोडबंदरच्याच. वडिलांची मिठागरं होती, पुढे भावाने भाईंदर पूर्वेला पिठाची गिरणी टाकली. बाईंनी तिथल्याच एका मराठी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. घरात त्यांची गावची बोली, वर्गात इंग्रजी, आणि आमच्याशी दोन्हींच्या मधलं काहीतरी. ‘माझ्या इंग्रजीला खाडीचं पाणी लागलंय,’ असं स्वतःच सांगायच्या. तेवढ्यावर न थांबता पन्नाशीनंतर भाच्याच्या फोनवर परदेशातला एक अभ्यासक्रम त्यांनी पूर्ण केला, आणि त्यातलं पटलं नाही ते वहीत वेगळं लिहून ठेवलं. ती यादी बरीच लांब होती.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्या इंग्रजी शिकवणाऱ्यांना जमवत. आधी त्यांच्या शाळेत, निवृत्तीनंतर भावाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत. खाली गिरणी चालू असली की वर फरशी थरथरायची आणि वह्यांवर पिठाचा थर बसायचा. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी अशा सगळ्या माध्यमांच्या शाळांमधून माणसं यायची. मी पहिल्यांदा गेले ती प्रमाणपत्र मिळेल या आशेने. मुलगी लहान होती, सिल्व्हर पार्कच्या घरातून, तिला शेजारणीकडे ठेवून यायचं, तर हातात काहीतरी पडायला हवं ना! मी तसं विचारलंही. बाई म्हणाल्या, ‘कागद न्हाय मिळत इथं. चहा मिळतो. तोसुद्धा फुकट न्हाय.’

चहाची किंमत म्हणजे एक फसलेला तास. या महिन्यात माझा कुठला तास फसला आणि मुलांनी तेव्हा नेमकं काय केलं, हे प्रत्येकाने सांगायचं. ऐकणाऱ्यांनी सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. मुंबईतून इथे राहायला आलेले, नामांकित शाळांमध्ये शिकवणारे कितीतरी जण एकदा येऊन परत फिरकले नाहीत. मी टिकले, कारण मी युक्ती काढली होती. मी बेतशीर अपयशं सांगायचे. लाइट गेली, पुस्तकं वेळेवर आली नाहीत, बाहेर मंडपाचा स्पीकर चालू होता. बाईंनी तीन-चार महिने ऐकून घेतलं. मग एकदा म्हणाल्या, ‘सावंत, लाइट जाणं हे वीजवाल्यांचं अपयश. तू तुझं सांग.’ सगळे हसले. मीही हसले आणि सांगितलं काहीच नाही.

शनिवारच्या मंडळींपैकी ज्याची इच्छा असेल त्याच्या वर्गात बाई जाऊन बसायच्या. वर्षा-दोन वर्षांत बहुतेकांचे वर्ग झाले, मी उरले. शेवटी मीच बोलावलं. आता जे लिहिते ते शाळेत काम करणाऱ्या कोणालाही नवं नाही, तरी लिहिते. बाई बुधवारी येणार होत्या. मी सोमवारी आणि मंगळवारी तोच तास सातवीकडून करून घेतला. कोण हात वर करणार, कोण चुकणार, चूक कोण दुरुस्त करणार, सगळं ठरवलं. एक चूकसुद्धा मुद्दाम ठेवली, म्हणजे खरं वाटावं. बुधवारी बाई मागच्या बाकावर बसल्या. तास झकास चालला होता, आणि मधेच पहिल्या रांगेतल्या एका मुलाने ‘बिकॉज ही वॉज हंग्री’ असं खणखणीत उत्तर दिलं. मी अजून प्रश्न विचारलाच नव्हता.

तास संपल्यावर बाई उठल्या. मुलांना ‘थँक यू’ म्हणाल्या. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. वाटेत त्यांनी पेरू घेतले, दोन मला दिले. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, ‘पोरं चांगली हायत तुझी. आख्खा तास तुला वाचवत होती.’

मी दोन शनिवार गेले नाही. रागावले होते. इतक्या वर्षांत अधिकाऱ्यांनी तपासण्या केल्या, ‘उत्तम’ शेरे दिले, आणि ही बाई मला पेरू देऊन हे ऐकवते! तिसऱ्या शनिवारी गेले. त्यांनी चहा पुढे केला आणि एवढंच म्हटलं, ‘एकदा खरा तास दाखव. मी मागे बसेन, पाणीसुद्धा मागणार न्हाय.’ मी हो म्हटलं. मग परीक्षा आल्या. मग स्नेहसंमेलन, निवडणुकीचं काम, पेपर तपासणी. शाळेत कारणांना तोटा नसतो. बाई दरवर्षी जूनमध्ये विचारायच्या, मी दरवर्षी ‘दिवाळीनंतर’ म्हणायचे. अशी सहा वर्षं गेली. या काळात मी शनिवारी इतरांना प्रश्न विचारण्यात तरबेज झाले, नव्या शिक्षकांना शनिवारचे नियम समजावून सांगू लागले. माझा खरा वर्ग मात्र कोणीही पाहिला नव्हता.

शेवटची भेट दवाखान्यातून त्यांना घरी आणल्यानंतरची. हृदयाचं ऑपरेशन झालेलं, आवाज खोल गेलेला. मी मोसंबी सोलत होते, भाचीला औषधांच्या वेळा लिहून देत होते, उशीचा अभ्रा बदलत होते. बाई बघत होत्या. म्हणाल्या, ‘सावंत, जरा हात थांबव.’ थांबवले. ‘कधी बोलवतेस?’ मी म्हटलं, ‘आधी चालायला तर लागा.’ त्या हसल्या. ‘मना चालायचं कशाला? मना बसायचं हाय.’ मी मोसंब्याच्या साली गोळा केल्या. ‘दिवाळीनंतर, नक्की,’ म्हटलं. या वेळी खरंच मनात होतं. पण मनात होतं हे सांगून आता काय मिळणार आहे?

त्या गेल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही गिरणीवर जमलो. फोटोला हार घातला होता. एकेक जण उठून बोलू लागला. ज्ञानयोगी, दीपस्तंभ, असं बरंच. मला आतून चीड येत होती. बाईंनी हे शब्द कोणाच्या निबंधात पाहिले असते तर खाली रेघ मारून ‘म्हणजे काय केलं?’ असं लिहिलं असतं. एका सरांनी सुचवलं की दरमहा जमणं आता कठीण, त्यापेक्षा वर्षातून एकदा बाईंच्या नावाने व्याख्यान ठेवू. माना डोलल्या. व्याख्यानाला यायला सगळ्यांना सोपं. कोणाचाच वर्ग उघडावा लागणार नाही.

तेवढ्यात फरहीन बोलली. ती नया नगरच्या एका शाळेत शिकवते, आमच्यात वयाने सर्वांत लहान. म्हणाली, ‘वो सब ठीक है. इस महीने किसकी क्लास फेल हुई?’ कोणी बोलेना. खाली गिरणी बंद होती. माझ्या लक्षात आलं, आत्ता कोणी काही बोललं नाही तर ही खोली महिन्याभरात पिठाच्या पोत्यांनी भरेल. ‘मंगळवारी माझ्या वर्गात ये,’ मी म्हटलं. ‘आठवी. मधल्या सुट्टीनंतर.’ फरहीनने विचारलं, ‘पक्का? दिवाली के बाद तो नहीं?’ सगळ्यांना माहीत होतं तर!

सोमवारी दिवसभर हात शिवशिवत होते, तरी तालीम घेतली नाही. मंगळवारी फरहीन मागे बसली. विषय साधा होता, घरातली एखादी वस्तू तू कधी दुरुस्त केलीस का, इंग्रजीत सांग. पहिल्या मुलाने दोन शब्द म्हटले, पुढचं मी पूर्ण केलं. दुसरीचंही. साक्षी नावाची मुलगी सहसा उभी राहत नाही, ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘माय मदर्स सुइंग मशीन...’ मी म्हटलं, ‘यू रिपेअर्ड इट! व्हेरी गुड, सिट डाउन.’ ती बसली. असाच तास संपला. फरहीन बाहेर आल्यावर वही न उघडताच म्हणाली, ‘मॅडम, बुरा मत मानना. आपने एक भी बच्चे को पूरा नहीं बोलने दिया.’

वाईट वाटलंच. वर्षानुवर्षं जे लपवलं ते एवढंसं होतं, आणि ते बाईंना पहिल्या पाच मिनिटांत दिसलं असतं. मी फरहीनला विचारलं, असं कोणी मधेच थांबलं तर बाई काय करायच्या? ती म्हणाली, ‘मेरी क्लास में बैठी थीं तब देखा. ऐसे...’ आणि तिने अंगठा बोटांच्या पेरांवरून एकेक करत फिरवून दाखवला. बाई बाकाखाली पेरं मोजत बसायच्या. बारा पेरं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा त्यांनी स्वतःसाठी केलेला नियम होता. म्हणजे त्यांनाही घाई व्हायची. हे मला माहीत नव्हतं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत साक्षीला थांबवलं. म्हटलं, परवा तुझं वाक्य मी तोडलं, आता सांग. ती बिचकली. ओरडा बसणार असं तिला वाटलं असावं. ‘माय मदर्स सुइंग मशीन,’ ती म्हणाली आणि थांबली. मी हात पाठीमागे घेतला आणि पेरं मोजायला लागले. चार. पाच. किती लांब असतात ही पेरं! शब्द माझ्या जिभेवर येऊन उभा होता. नवव्या पेरावर ती म्हणाली, ‘आय ओपन इट. नाऊ इट इज नॉट वर्किंग.’

मी पुन्हा पहिल्या पेरापासून सुरुवात केली.

‘मदर डज नॉट नो,’ ती म्हणाली. मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहून, ‘आय पुट द कव्हर.’

बाहेर मुलांचा गलका चालला होता. सुट्टी संपायला दोन मिनिटं होती, कार्यालयात माझी सही राहिली होती. मी तिच्या बाकावर, तिच्या शेजारी बसले.

‘अँड देन?’