दाजींनी न मागितलेली माफी

माझ्या दाजींइतक्या वेळा माफी मागणारा संपादक अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. त्यांचं चार पानी साप्ताहिक सेनगावाकडच्या खेड्यांत जातं आणि त्यातलं एक पान निव्वळ दिलगिरीचं असतं. लग्नाच्या बातमीत बुंदीऐवजी जिलेबी छापली गेली की पुढच्या अंकात खुलासा आलाच. कुरुंद्याच्या एका पैलवानाचं वय जास्त छापलं, म्हणून दाजी जीपने त्याच्या घरी जाऊन माफी मागून आले. पैलवानाला ती बातमीच ठाऊक नव्हती. आमची ताई म्हणते, यांनी लग्नात अंतरपाटाआडूनही आधी माफीच मागितली असेल.

असा हा माणूस एकदाच अडून बसला. फाट्यावर एका ठेकेदाराने प्रवासी निवारा बांधला, तोही रस्त्याकडे पाठ करून. बिल मात्र आतल्या सिमेंटच्या बाकड्यासकट उचललं. बाकडं नव्हतंच. दाजींनी फोटोसकट बातमी छापली आणि चोराच्या उलट्या बोंबा, ठेकेदारानेच अब्रुनुकसानीचा खटला भरला. खालच्या कोर्टातल्या साहेबांना पत्रकार म्हटलं की तिडीक यायची. त्यांनी फोटोकडे न बघताच दाजींना कैद सुनावली, वर निकालात लिहिलं की असले पत्रकार म्हणजे खंडणीखोर. जामीन मिळाला, पण त्या एका शब्दापायी ताईने बाजारात जाणं सोडलं. ठेकेदाराने निरोप धाडला, माफी छापा, मिटवून टाकू. आम्ही सगळ्यांनी दाजींना गळ घातली. त्यांच्या तर सवयीचंच काम. दाजी शांतपणे म्हणाले, "चुकलो असतो तर पहिल्या पानावर छापली असती. चुकलोच न्हाई, तर काहून मागू?"

हिंगोलीला अपील चाललं. तिथल्या न्यायाधीशबाईंनी तो फोटो ठेकेदाराच्या वकिलापुढे धरला आणि यातलं बाकडं दाखवा म्हणाल्या. वकिलाने चष्मा पुसला, फोटो उजेडात नेला आणि बाकडं फोटोच्या बाहेर राहिलं असावं, असं सांगितलं. सगळे हसले, बाई सोडून. खालच्या निकालात पुराव्यापेक्षा पत्रकारांवरचा राग जास्त दिसतो, असं म्हणत त्यांनी तो रद्द केला आणि खंडणीखोर हा शब्दही वगळायला लावला. मला तर कोर्टाच्या आवारातच नाचावंसं वाटलं, आणि थोडा नाचलोही.

घरी आल्यावर ताईने निकाल दोनदा वाचून घेतला. मग साडी बदलून, पिशवी घेऊन, काही आणायचं नसताना बाजाराकडे निघाली, तीही भर रस्त्याच्या मधून. दाजी दारात उभे राहून तिच्याकडे बघत होते.

"बातमी माझी व्हती," ते म्हणाले, "कैद हिनं भोगली."

ताई वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.